सात खाचा

रोज संध्याकाळी साडेपाचला आत्या इंजिन पुसायची.

जुन्या चादरी फाडून केलेले हातरुमालाएवढे तुकडे तिने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घडी घालून ठेवलेले असत. त्यातले दोन ती काढायची. एक रॉकेलमध्ये बुडवून पिळलेला, एक कोरडा. विमानाच्या नाकावरचं झाकण उघडून आधी ओलं फडकं, मग कोरडं. चार सिलिंडर, त्यांच्या खालून जाणारे पाइप, तेलाची टाकी, तारांचे गुंडाळे. बोट जात नसे तिथे ती फडक्याचं टोक पिळून आत घालायची. शेवटी फडकं खिडकीच्या उजेडात धरून किती काळं झालंय ते बघायची, झाकण लावायची आणि त्याच्यावर दोनदा टकटक करायची. आत कोणी राहत असल्यासारखी.

शहराबाहेरच्या छोट्या विमानतळावर उडायला शिकवणारा एक क्लब होता. एक धावपट्टी, एक हँगर, खांबावर वाऱ्याने फुगणारं लाल-पांढरं कापडी नळकांडं आणि तीन विमानं. तिथे आत्या एकतीस वर्षं मेकॅनिक होती. तिथले लोक तिला लख्खबाई म्हणत. तोंडावरही म्हणत. तिला त्यात चेष्टा दिसत नसे, वर्णन दिसे.

ती आमच्याकडेच, मागच्या खोलीत राहायची, त्यामुळे हे पुसणं घरातही चालू असे. बाबा म्हणायचे, "ताई आत आली की डाग मागच्या दाराने पळतात." आईचं म्हणणं वेगळं होतं. "माझ्याच ओट्यावर, माझ्या देखत वन्सं फडकं फिरवतात. म्हणजे मी काय समजायचं?"

आई तिला एरवी ताईच म्हणायची. वन्सं हा शब्द तिने रागासाठी राखून ठेवला होता.

इंजिन रोज कशाला पुसायचं, असं मी आत्याला लहानपणी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "स्वच्छ इंजिनावर नवीन काही आलं तर लगेच दिसतं." उत्तर बरोबर होतं. मेकॅनिकच्या पहिल्या वर्षाला हेच शिकवतात. पण त्या उत्तरात एक लहानशी जागा रिकामी राहिली होती आणि ती तिला दिसायला फार वर्षं लागली.

ती कशी दिसली ते मला तिघांकडून कळलं. थोडं आत्याकडून आणि तिच्या वहीतून, थोडं दाताच्या डॉक्टरांकडून आणि बरंचसं आईकडून, कारण आईचा व्हॅक्यूम क्लीनर त्यात गुंतला होता.

*

दाताचे डॉक्टर तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. दर बुधवारी आणि रविवारी सकाळी दवाखाना उघडण्याआधी ते उडायला शिकायला येत. तीन वर्षं येत होते. सव्वीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून बघून मान पुढे आली होती, तेव्हा आता जरा वर बघावं म्हणतो, असं ते सांगत. एकट्याने उडायची परवानगी त्यांना नुकतीच मिळाली होती.

त्या बुधवारी ते क्लबातल्या सगळ्यात जुन्या विमानातून एकटेच गेले होते. दोघांना बसता येईल एवढं विमान, पंख डोक्यावर, रंग पिवळा. सगळे त्याला पिवळी म्हणत. डॉक्टरांनी पिवळी छान उतरवली. चाकं टेकली, त्यांनी वेगाची काळी मूठ पूर्ण मागे घेतली. अशा वेळी इंजिनाने मंद चालीवर, हळूहळू फडफडत राहायचं असतं. ते फडफडलं आणि बंद पडलं. पंखा उभाच्या उभा थांबला. पिवळी थोडी घरंगळली आणि धावपट्टीच्या मधोमध बसून राहिली. मागून उतरायला आलेल्या विमानाला पुन्हा वर जावं लागलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. चौघांनी ढकलत पिवळी हँगरपाशी आणली. डॉक्टरही ढकलत होते.

क्लबाचे मुख्य शिक्षक, ज्यांना सगळे कॅप्टन म्हणत, दारातच उभे होते. आयुष्यभर मोठी विमानं चालवून आलेला माणूस. आवाज कधी चढत नसे, त्यामुळे जास्त भीती वाटे.

"डॉक्टर, लाल मूठ ओढलीत ना?"

काळ्या मुठीच्या शेजारी एक लाल मूठ असते. ती ओढली की इंधन तुटतं आणि इंजिन मरतं. इंजिन बंद करायचं ते असंच.

"नाही," डॉक्टर म्हणाले.

"हाताची सवय असते हो. ओढण्यासारखं काही दिसलं की ओढता."

"कॅप्टन, सव्वीस वर्षांत मी शेजारचा दात एकदाही उपटलेला नाही."

"दोन महिन्यांपूर्वी उपटलात की."

 दोन महिन्यांपूर्वी, विमान जमिनीवर उभं असताना, डॉक्टरांनी खरंच चुकून लाल मूठ ओढली होती. सगळे हसले होते, तेही हसले होते. आता कोणी हसत नव्हतं. स्वतःच्या हाताने दुसऱ्यांदा इंजिन बंद पाडलं की नाव कापायचं, असा क्लबाचा नियम होता, आणि जवळपास दुसरा क्लब नव्हता.

कॅप्टन आत्याकडे वळले. "बाई, इंजिन तपासा. शनिवारी सभा आहे, तिथे मला तुमचा कागद हवा. इंजिन ठीक असेल तर विषय संपला."

म्हणजे इंजिन ठीक निघालं तर डॉक्टर गेले. आणि इंजिनात दोष निघाला, तर दहा दिवसांपूर्वी 'उड्डाणास योग्य' म्हणून त्याच्यावर सही कोणाची होती? आत्याची.

*

तिने त्याच सकाळी पिवळी सुरू केली. मंद चालीवर सोडली. मिनिटाला साडेसहाशे फेरे, एकसारखे. मग तिने ती परीक्षा घेतली जी घ्यायची असते: लाल मूठ अगदी सावकाश ओढायची. इंधन कमी कमी होत जातं आणि मरण्याआधी इंजिन क्षणभर जोर धरतं. फेऱ्यांचा काटा थोडा वर जातो. पंचवीस ते पन्नासच्या दरम्यान वर गेला तर हवा आणि इंधन नीट मिसळलंय. त्याहून जास्त गेला तर इंधन जास्त होतंय. वर न जाता नुसताच पडला, तर हवा जास्त.

काटा चाळीस फेरे वर गेला. चोख.

कागद तिथेच लिहिता आला असता. कॅप्टननी पेनही पुढे केलं होतं. पण त्या संध्याकाळी ती इंजिन पुसून, वही घेऊन घरी आली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसली. केलेलं प्रत्येक काम ती त्या वहीत लिहायची, खाडाखोड न करता, बारीक अक्षरात. आज लिहायचं होतं: पिवळी, मंद चाल तपासली, ४०. याआधी किती आले होते ते बघायला तिने पानं मागे उलटली.

हवा आणि इंधन जिथे मिसळतं त्या कार्ब्युरेटरवर मंद चालीचं इंधन कमी-जास्त करणारा एक स्क्रू असतो. त्याच्या डोक्याला खाचा असतात. फिरवला की प्रत्येक खाचेला बोटाला टिक् असं जाणवतं. वहीत लिहिलं होतं: पिवळी, मंद चाल खडबडीत, एक खाच. दोन महिन्यांनी: पिवळी, मंद चालीला अडखळते, एक खाच. पुन्हा: एक खाच. चौदा महिन्यांत सात. सगळ्या एकाच बाजूला. सगळ्या इंधन वाढवण्याच्या.

आई सांगते की आत्या त्या पानांकडे इतका वेळ बघत बसली की चहावर साय धरली.

"काय झालं, ताई? चहा गार झाला."

"बाहेरच्या खोलीतलं घड्याळ मागे पडतं ना गं?"

"पडतं की. मी रोज सकाळी दोन मिनिटं पुढे करते."

"का पडतं?"

"मला काय ठाऊक! पुढे केलं की झालं."

"हेच," आत्या म्हणाली. "मीही अगदी हेच केलंय."

एवढ्या खाचांनी इंधन वाढवूनही काटा चोख येत होता, म्हणजे त्या जादा इंधनाच्या जोडीला जादा हवा कुठून तरी आत येत होती. सरळ वाटेने नाही, चोरवाटेने. आणि ती रोज थोडी वाढत होती. पण पूर्ण वेगात पिवळी अशी खणखणीत का चालायची? याचं उत्तर आत्याने मला नंतर एकदा समजावून सांगितलं होतं. पूर्ण वेगात इंजिनाचं दार सताड उघडं असतं, भरपूर हवा येते, त्यात चोरवाटेची चिमूटभर हवा कोणाच्या लक्षात येणार? मंद चालीला मात्र दार जवळजवळ बंद असतं. इंजिन आतून जोराने ओढत असतं, आणि मग जिथे फट असेल तिथून हवा शिरते. "ओरडणाऱ्या माणसाचं दुखणं कळत नाही," ती म्हणाली होती. "तो गप्प बसला की कळतं."

*

गुरुवारी सकाळी तिने झाकण उघडलं आणि बॅटरी घेऊन फट शोधायला लागली. पाइपांचे जोड, त्यातल्या गास्केटच्या चकत्या, पट्ट्या, थंडीत इंजिन सुरू करायला वापरतात तो हातपंप. कार्ब्युरेटर उतरवून त्याची बारीक भोकं फुंकून बघितली. सगळं जागच्या जागी. सगळं लख्ख.

मग तिने पिवळी अर्धा तास जमिनीवरच चालवली, चांगली तापवली आणि काळी मूठ एकदम मागे घेतली. इंजिन अडखळलं, सावरलं. पुन्हा केलं. या वेळी अडखळलंही नाही. डॉक्टर कदाचित खरं बोलत असतील, एवढं त्यातून कळलं. पण 'कदाचित' हा शब्द त्या कागदावर चालणार नव्हता.

दुपारी ती डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली. नेमकं काय झालं ते तिला त्यांच्या तोंडून हवं होतं. खोलीत बसायला दोनच जागा होत्या. डॉक्टरांचं चाकांचं स्टूल आणि पेशंटची खुर्ची.

"बसा. आ करा."

"मी दात दाखवायला आलेली नाही."

"इथे येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. आ करा, मी सांगतो तुम्हाला सगळं."

मग एका हातात आरसा आणि दुसऱ्या हातात टोकदार सळई घेऊन डॉक्टर सांगू लागले. "चाकं टेकली. काळी मूठ मी पूर्ण मागे घेतली. हात त्याच मुठीवर होता, हलवलाच नाही. इंजिनाने दोन उचक्या दिल्या. तिसरी येईल म्हणून मी थांबलो, तर ती आलीच नाही."

"उन्हा आंगा," आत्या म्हणाली.

"काय?"

तिने त्यांचा हात बाजूला केला. "पुन्हा सांगा. उचक्या?"

"दोन. का?"

"लाल मूठ ओढली तर इंजिन उचक्या देत नाही. मरण्याआधी जोर धरतं. उचक्या हवा जास्त झाली तर येतात."

"मग झालं की! सांगा कॅप्टनना."

"उचक्या तुम्हीच ऐकल्यात ना? आरोपीच साक्षीदार म्हणून चालतो का?"

डॉक्टर हसले, पण त्यांचा चेहरा उतरला होता. "बाई, खरं सांगू? काल रात्रभर मीच स्वतःला विचारतोय. ओढली असेल का मी? आता तर मला ती लाल मूठ हातात जाणवायलाही लागलीय." मग ते पुन्हा आरशाकडे वळले. "तुमची ही दाढ मागून गेलीय. पुढून अगदी मोती. फार घासता तुम्ही."

"डाग आवडत नाहीत मला."

"कोणालाच आवडत नाहीत. पण कुठे बघायचं ते मला डागच सांगतो. हे बघा." त्यांनी खणातून एक छोटी गुलाबी गोळी काढली. "मुलांना ही चघळायला देतो. जिथे नीट घासलं जात नाही तिथे रंग बसतो. मग आरसा आत घालून मागच्या बाजूने बघायचं. मुलं काय करतात, रंग दिसला की लाजून पटकन चूळ भरतात. भरली की गेलं सगळं! म्हणून मी दम देतो. आधी बघू दे, मग चूळ."

आत्या खुर्चीत उठून बसली.

"आमचं इंधन निळं असतं," ती म्हणाली.

"बरं?"

"ओळखू यावं म्हणून रंग घालतात. फटीतून ओघळलं की इंधन उडून जातं, रंग तिथेच राहतो. फट असेल तर निळा डाग पडायलाच हवा. चौदा महिन्यांत मला एकदाही दिसला नाही."

"म्हणजे फट नाही?"

"फट आहे," आत्या म्हणाली. "मी रोज साडेपाचला चूळ भरते."

निघताना तिने तो आरसा मागितला. लांब दांड्याचा, नाण्याएवढा.

"उकळून परत करा," डॉक्टर म्हणाले.

*

गुरुवारी साडेपाचला तिने इंजिन पुसलं नाही. पिवळी पुन्हा चालवली, तापवली, बंद केली आणि झाकण न उघडता तशीच सोडली. पत्र्याचा डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. मग घरी आली. त्या संध्याकाळी तिने ओटा तीन वेळा पुसला आणि आईला तो तीन वेळा पुसू दिला पाहिजे एवढं कळलं. आई त्या दिवशी वन्सं म्हणाली नाही.

शुक्रवारी सकाळी पुन्हा तेच. चालवायची, थांबवायची, निवू द्यायची. दुपारी तिने झाकण उघडलं. सिलिंडरवर धूळ बसली होती, तेलाचा एक थेंब होता, तो तिने तसाच राहू दिला. ती एकेका पाइपाच्या मागे आरसा घालून बघत गेली. पहिला. दुसरा. तिसऱ्या सिलिंडरचा पाइप खाली तेलाच्या टाकीला मिळतो तिथे बोटभर लांबीची एक रबरी नळी पट्ट्यांनी आवळलेली असते. समोरून नळी नव्यासारखी होती. आरशात तिची पाठ दिसली. पाठीवर, खालच्या कडेला, नखाच्या चंद्राएवढी एक निळी रेघ.

वहीत त्या दिवशीचं अक्षर जरा मोठं आहे. निळा, एवढंच लिहिलंय. पुढे पूर्णविराम आहे.

पण डागही साक्षीदार म्हणून पुरत नाही. टाकी भरताना सांडलेलं इंधनही तिथे जाऊ शकतं. तिला फट स्वतः डोळ्यांनी बघायची होती. तिने हँगरमधल्या फोनवरून आईला फोन लावला.

"तुझा व्हॅक्यूम क्लीनर हवाय."

"कशाला?"

"फुंकायला."

"वन्सं, तो ओढतो."

"मागून फुंकतो. आणि एक वाटी कपड्यांचा साबण आण, चुरून."

"आण म्हणजे? मी?"

"पाठवून दे मग कोणाबरोबर तरी."

"मुळीच नाही. मीच येते. त्याला घेऊन सहा महिने झालेत फक्त."

आई आयुष्यात पहिल्यांदा हँगरमध्ये गेली ती अशी, मांडीवर व्हॅक्यूम क्लीनर घेऊन रिक्षातून. आत्याने त्याची नळी मागच्या तोंडाला लावली, दुसरं टोक इंजिनाच्या हवेच्या दारात बसवलं आणि भोवती फडकी कोंबली. चादरीची फडकी शेवटी कामाला आली. काळी मूठ पुढे ढकलून तिने आतलं दार उघडलं, म्हणजे फुंकलेली हवा पाइपांमध्ये जाईल. मग बादलीतल्या साबणात ब्रश बुडवला.

"हा फेस आहे?" आई म्हणाली. "हे पाणी आहे. सरका." तिने आणखी साबण घातला, मनगट बुडेपर्यंत घुसळला आणि ब्रश स्वतःच घेतला.

क्लीनर सुरू झाला. हँगरमध्ये त्याचा आवाज एखाद्या मोठ्या माशीसारखा घुमत होता. आईने पहिला जोड माखला. फेस गप्प बसला. दुसरा. गप्प. तिसऱ्या पाइपाखाली, नळीच्या पाठीमागे तिने वाकून ब्रश फिरवला, आणि आत्याने आरसा धरला.

फेसात एक बुडबुडा आला. मोहरीएवढा. वाढला, वाटाण्याएवढा झाला, फुटला. त्याच जागी दुसरा.

"अगंबाई," आई म्हणाली. "श्वास घेतंय हे."

 दोघी जणी वाकून कितीतरी वेळ ते बघत राहिल्या. बुडबुडा यायचा, वाढायचा, जायचा. आई म्हणते, त्या इंजिनापाशी आम्ही दोघी पहिल्यांदाच एका गोष्टीकडे एकत्र बघत होतो, नाहीतर घरात आम्ही एका ओट्याच्या दोन टोकांना.

रबरी नळी काढल्यावर हातात आली ती लाकडासारखी कडक. पाठीमागे केसाएवढी भेग. इंजिन गार असताना जवळजवळ मिटलेली, तापून पाइप ताणला की पुरती उघडणारी. नवी नळी बसवायला दहा मिनिटं लागली. मग आत्याने मंद चालीचा स्क्रू उलटा फिरवायला घेतला. टिक्, टिक्. आईने मोजले. सात.

पिवळी सुरू केली, तापवली, मूठ मागे घेतली. साडेसहाशेवर ती सायीसारखी चालत राहिली. लाल मूठ सावकाश ओढली तसा काटा पस्तीस फेरे वर गेला. चौदा महिन्यांपूर्वी होती तिथेच ती परत आली होती. या सगळ्या काळात तिला त्या सात खाचांची कधी गरजच नव्हती.

*

शनिवारी सभेआधी आत्याने कॅप्टनना कागद दिला. त्यांनी उभ्यानेच वाचला आणि दार लावून घेतलं. हे दोघांतलं बोलणं तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, आणि सांगताना कॅप्टनचा आवाज काढून दाखवला.

"नळी बदलली एवढं लिहा ना, बाई. या सात खाचा कशाला?"

"मी फिरवल्यात."

"रबर जुनं झालं, चिरलं. होतं. यात कोणाचीच चूक नाही. पण हे असं लिहिलंत तर वरून चौकशी येणार, आणि तुमची सही जाणार. वर्ष-सहा महिने तरी."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर नळी फाटली होती, डॉक्टरांना संशयाचा फायदा. सगळे खूश."

"संशयाचा फायदा द्यायचा म्हणजे संशय राहिला," आत्या म्हणाली. "तो त्यांच्या नावावर नको."

कॅप्टननी खिडकीबाहेर बघितलं. डॉक्टर पिवळीजवळ उभे होते, हात पाठीमागे बांधून. जवळ जायचं, पण हात लावायचा नाही, असं.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमच्या कागदावर डाग पडतोय," कॅप्टन म्हणाले.

"पडू दे. निदान दिसेल तरी."

कागदावर चारच ओळी होत्या. त्याची प्रत वहीत चिकटवलेली आहे. इंजिन थांबलं ते हवेच्या गळतीमुळे. गळती चौदा महिने होती. मी ती सात वेळा स्क्रू फिरवून झाकली. गळतीची खूण मी रोज पुसून टाकत होते. वैमानिकाची चूक नाही. आणि खाली सही.

ती सही पुढे आठ महिने चालली नाही. शेजारच्या शहरातून दर सोमवारी एक मेकॅनिक यायचा, आत्याने केलेलं काम बघायचा आणि स्वतःच्या नावाने सही करायचा. ती त्याला चहा द्यायची आणि प्रत्येक जोड आरशात दाखवायची. चौथ्या सोमवारी तो कंटाळून म्हणाला, "बाई, माझा विश्वास आहे." ती म्हणाली, "नका ठेवू. बघा."

तुला वाईट नाही वाटलं, असं मी तिला विचारलं होतं.

"वाटलं ना."

"सही गेल्याचं?"

"छे. पुसल्याचं. तो बिचारा डाग रोज येत होता गं. रोज."

डॉक्टरांना पुढच्या वर्षी परवाना मिळाला. पहिला प्रवासी म्हणून त्यांनी आत्याला नेलं. अर्धा तास फिरवून आणलं, नदी दाखवली, आमच्या घराचं छत दाखवलं. खाली उतरल्यावर आईने उत्साहाने विचारलं, काय काय दिसलं? "तेलाचा काटा," आत्या म्हणाली. "जरासा थरथरतो. बघायला हवं."

घरातलं घड्याळही तिने एका रविवारी उतरवून उघडलं. ते काही तिच्याकडून सुधारलं नाही. पण त्यानंतर आईने रोज दोन मिनिटं पुढे करणं सोडलं. किती मागे पडतं ते ती कॅलेंडरवर लिहून ठेवू लागली. अजून लिहिते. थंडीत जास्त पडतं म्हणे.

इंजिन पुसणं आत्याने सोडलं नाही. निवृत्त होईपर्यंत रोज साडेपाचला ती झाकण उघडायची. फक्त आता आधी आरसा घेऊन चारही सिलिंडरांच्या पाठी बघायची, पाच-सात मिनिटं, फडक्याला हात न लावता. मग पुसायची, आणि दोनदा टकटक. आरसा तिने परत केला नाही. डॉक्टरांनी मागितलाही नाही.

तिची शेवटची वर्षं मागच्या खोलीत, आमच्यातच गेली. गेली तीही झोपेत, एका मंगळवारी दुपारी, वर्तमानपत्र पोटावर उघडं ठेवून. त्यानंतर बरेच दिवस आम्ही ती शेवटचं काय बोलली ते आठवत होतो, जसं सगळेच आठवतात. बाबांना वाटे, तिने वर्तमानपत्र मागितलं ते. पण वर्तमानपत्र तिने स्वतःच उचललं होतं.

त्या सकाळी सिंकखाली पाणी साचलं होतं. थोडंसंच, ताटलीएवढं. मी फडकं घेऊन खाली बसले. आत्या भिंतीला धरत आली, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून वाकली.

"थांब, पुसू नकोस. आधी कुठून येतंय ते बघू."